पुठ्ठ्याचे साम्राज्य आणि अठ्ठावीस चिंचोके

कोणतेही साम्राज्य टिकते ते रयतेच्या मुकाट सोसण्यावर. हे मी जबाबदारीने सांगतो, कारण एक साम्राज्य उभे राहताना, भरभराटीला येताना आणि कोसळताना मी फार जवळून पाहिले आहे. ते दीड हात लांब आणि सव्वा हात रुंद होते. पावसाळी हवेत त्याच्या कडा वर वळत, म्हणून चार कोपऱ्यांवर अडकित्ता, दौत, तांब्या आणि एका रेल्वे गार्डचा कंदील असे चार दिक्पाल आम्ही कायमचे नेमले होते.

साठीचे दशक संपत आले होते. मी लोणावळ्याच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होतो. म्हणजे पहिल्या तासाला राजे कसे थोर होते ते सांगायचे आणि चौथ्या तासाला राजे नसणे कसे थोर आहे ते सांगायचे. मधल्या सुट्टीत माणूस बदलायला वेळ मिळे.

साम्राज्याचे संस्थापक आमचे ड्रॉइंग मास्तर. लोणावळ्यातली निम्मी रंगरंगोटी त्यांच्या हातची होती. गणपतीच्या आराशीतला हिमालय, नाटकवाल्यांचा जंगलाचा पडदा, चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या, पुढाऱ्यांच्या स्वागताच्या कमानी. कमानीवर पुढाऱ्याचे नाव असे, पाटीवर दुकानदाराचे, पडद्यावर देणगीदाराचे. मास्तरांचे नाव कशावरच नसे. पन्नाशीला टेकल्यावर एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत खडूने भरलेले हात झटकत ते मला म्हणाले, “इतिहासवाले, एक तरी वस्तू अशी हवी की जिच्यावर माझं नाव छापलेलं असेल. मग ती दुसऱ्या दिवशी रद्दीत गेली तरी माझी तक्रार नाही.”

ती वस्तू म्हणजे खेळ, हेही त्यांनीच ठरवले. भुशी धरणावर भिजायला आलेली मुंबईची कुटुंबे दुसऱ्या दिवशी बंगल्यात अडकतात, पत्ते भिजून फुगतात, पोरे कंटाळून एकमेकांना चावतात. त्यांना टेबलावर मांडून बसता येईल असा मोठा खेळ हवा. मास्तर चित्रे काढणार आणि मी नियम लिहिणार असे ठरले. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या राजवटींवर टिपणे काढत आलो होतो. स्वतःची राजवट चालवायची संधी कोण सोडतो?

तिसरे भागीदार रेल्वेतले एक गार्ड. मालगाड्या घाटातून वरखाली नेण्यात त्यांची हयात गेली होती. शिवाय ते युनियनचे कट्टर कार्यकर्ते. चहा गार निघाला तरी “ही हुकूमशाही चालणार नाही!” म्हणणारे. खेळात त्यांना काहीच करायचे नव्हते, फक्त खेळायचे होते. असा एक माणूस प्रत्येक संस्थेत लागतो.

आमची बैठक मळवलीला भरे. तिथे एका मुंबईच्या शेठच्या बंगल्यात मास्तरांना जेवणघराच्या भिंतीवर स्वित्झर्लंडचे तळे रंगवायचे काम मिळाले होते. खिडकी उघडली की समोर लोहगड दिसे, पण शेठना तळे हवे होते. पावसात भिंत वाळत नसे, त्यामुळे स्वित्झर्लंड तीन पावसाळे चालले, आणि तेवढे रविवार ओसरी आमची झाली. सकाळच्या पॅसेंजरने एक स्टेशन जायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. बंगल्याच्या किल्ल्या गावातल्या एका मावशींकडे असत. मागच्या बाजूला त्यांचे स्वतःचे दोन खाचरे भात होते. त्या आम्हाला चहा करून देत आणि दारात तांदूळ निवडत बसत. आम्ही तिघे शिकलेले लोक चिंचोक्यांशी खेळतो याचे त्यांना नवल वाटत नव्हते. बंगल्यात उतरणारी माणसे त्यांनी बरीच पाहिली होती.

खेळ सोपा होता. पुठ्ठ्याच्या मध्यभागी बादशहाची राजधानी, भोवती सात गावे. प्रत्येक गावात चार चिंचोके, म्हणजे चार माणसे. गावाला आपले भात लावून काढायचे असे. वीस माणसांचे काम, म्हणजे चौघांना पाच डाव. बादशहाला आकाशापर्यंत मनोरा बांधायचा असे. त्याचे तीन अंमलदार फाशाच्या दानाप्रमाणे गावांत शिरत आणि प्रत्येकी एक माणूस वेठीला धरून नेत. बारा माणसे जमली की मनोरा पूर्ण, बादशहा जिंकला. त्याआधी सातही शेते लावून झाली तर रयत जिंकली.

साम्राज्य वाईट आहे यावर आमचे तिघांचे पहिल्या दिवसापासून एकमत होते. अडचण त्यानंतर सुरू झाली.

पहिला प्रश्न बादशहाच्या डोक्यावर काय घालायचे. पगडी घातली तर एका बाजूचे लोक रागावणार, विशिष्ट टोपी घातली तर दुसऱ्या बाजूचे, आणि साहेबी हॅट घातली तर पोरे म्हणणार हे तर गेले. जगाच्या पाठीवर कुठल्याच राजाने घातले नाही असे काहीतरी मास्तरांनी दोन आठवडे शोधले. शेवटी झाले ते उपड्या ठेवलेल्या घंगाळासारखे दिसत होते, पण त्याला त्यांनी अस्सल सोनेरी रंग दिला. मग शोभेना म्हणून राजधानीलाही दिला. मग मनोऱ्याला. मग अंमलदारांच्या जोड्यांना. रयतेच्या गावांपर्यंत पोचेतो सोनेरी रंग संपला आणि उत्साहही. सात गावे म्हणजे पेन्सिलीचे सात ठिपके होते.

“मास्तर,” मी म्हणालो, “चांगली माणसं ठिपक्यात राहतात आणि वाईट माणूस सोन्यात.”

“वाईट माणसाला तपशील जास्त लागतो,” मास्तर म्हणाले.

मीही काही वेगळे केले नाही. प्रस्तावनेत मी लिहिले की या साम्राज्याचा कारभार अत्यंत जुलमी होता. तिथेच थांबायचे, पण वीस वर्षांची सवय. पुढचे वाक्य ‘तथापि’ने सुरू झाले. तथापि त्याच्या काळात रस्ते झाले, टपाल सुरू झाले व चोरांचा बंदोबस्त झाला. हे मी ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवले.

“गाड्या वेळेवर सुटत होत्या का, तेही घाला,” गार्डसाहेब म्हणाले.

दारातून मावशींनी विचारले, “रस्तं कुनी केलं म्हनालात?”

“साम्राज्यानं, मावशी.”

“आन् दगडं कुनी व्हायली?”

मी ‘तथापि’ खोडले. पुढच्या रविवारी ते शाईतून वर आलेले दिसत होते.

खेळायला बसलो की आणखी पंचाईत. तिघांनाही बादशहाच व्हायचे असे. चिठ्ठ्या टाकाव्या लागत. बादशहाला दर डावाला एक हुकूम वाचायला मिळे, आणि ते हुकूम मी फार मन लावून लिहिले होते. ‘आजपासून सातही गावांनी सूर्योदयापूर्वी हसू नये.’ ‘मनोऱ्याची सावली ज्याच्या अंगणात पडेल त्याने ती झाडून काढावी.’ गार्डसाहेबांच्या हाती राज्य आले की ते उभे राहत, कोटाची बटणे लावत, शिट्टी वाजवत आणि मग हुकूम वाचत. एरवी साहेबाच्या नोटिशीवर शाई सांडणारा हा माणूस अंमलदारांना म्हणे, “त्या पलीकडच्या गावातला एक उचल रे! फार खुशीत दिसतायत.”

लोकांना बादशहाची किळस यावी म्हणून मी त्याला अधिकाधिक दुष्ट करत गेलो. आधी त्याने कवींना हद्दपार केले, मग आंब्याच्या झाडांना. प्रत्येक नव्या दुष्टपणानंतर चिठ्ठ्यांसाठी जास्त ओढाताण होऊ लागली. रयत व्हायला कुणी तयार नसे, आणि झाला तरी हरायचाच. बारा माणसे चौथ्या नाहीतर पाचव्या डावात जमत. त्या पावसाळ्यात रयत एकदाही जिंकली नाही. आम्हाला ते कधी खटकले नाही, कारण रयतेचे असेच होते असे पुस्तकांत दिलेले असते.

श्रावणात पुण्याच्या एका छापखान्याच्या मालकीणबाईंचे पत्र आले. पती वारल्यावर छापखाना त्या एकट्या चालवत. पंचांगे, तक्ते आणि सापशिडी छापत. मास्तरांनी त्यांना लिहिलेले त्यांनी मनावर घेतले होते. रविवारी त्या लोणावळ्याला नातेवाइकांकडे येणार होत्या, तेव्हा मळवलीला उतरून खेळ पाहतील. पसंत पडला तर मास्तरांच्या नावाने छापतील. मात्र मुलांच्या हातात द्यायचा म्हणजे त्यातून काय घ्यायचे हे मुलांना सांगावे लागू नये, खेळून कळावे.

मास्तरांनी ते पत्र इतक्या वेळा उघडले-मिटले की घडीवर फाटले. ‘नावाने’ हा शब्द नेमका घडीवर होता. त्यांनी मागून चिकटपट्टी लावली.

आम्ही गार्डसाहेबांना विश्वासात घेतले.

“रविवारी बादशहा तुम्ही व्हायचं,” मी म्हणालो, “आणि हरायचं.”

“हरतो की! त्यात काय? बादशाही कोसळलेली मला आवडणारच. आयुष्य गेलं माझं त्यात.”

“मुद्दाम चुका करा. अंमलदार रिकामे हिंडवा. मास्तरांच्या नावाचा प्रश्न आहे.”

“सांगितलं ना,” ते दुखावून म्हणाले. “मला काय राज्याची हाव आहे?”

बाई आल्या त्या छत्री मिटत, चपला हातात घेऊन, चिखलातून चालत. मावशींनी पाय धुवायला पाणी दिले. ओसरीवर बसल्यावर त्यांनी आधी पुठ्ठा पाहिला, मग त्याच्यावरचे चार दिक्पाल, मग आम्हाला. “खेळा,” म्हणाल्या.

रयत मी आणि मास्तर. पहिले दोन डाव गार्डसाहेबांनी शब्द पाळला. अंमलदार त्यांनी सरळ राजधानीभोवती फिरवले. तिसऱ्या डावाला त्यांना सलग तीन सहा पडले, आणि मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. हात आपोआप कोटाच्या बटणांकडे गेला. मी हळूच पाय मारला, तो मास्तरांना लागला. पुढच्या काही मिनिटांत तीन गावे ओस पडली, मनोरा पूर्ण झाला, शिट्टी वाजली, आणि बादशहांनी उभे राहून सावली झाडण्याचा हुकूम असा काही वाचला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या.

मग त्यांच्या लक्षात आले. ते हळूच खाली बसले.

बाईंनी विचारले, “यात वाईट कोण आहे?”

“बादशहा,” मास्तर म्हणाले.

“मग मला बादशहाच व्हावंसं का वाटतंय?”

बाईंनी पेन्सिलीच्या ठिपक्यांवर बोट ठेवले.

“आणि ही गावं. ह्यांना काही करताच येत नाही का? बसून वाट पाहायची, नेलं की गेलं?”

“बाई, जुलमी राजवटीत तसंच असतं,” मी म्हणालो. शिक्षकाचा आवाज लागला तो लागलाच. “प्रस्तावनेत मी त्याचा निषेध केलेला आहे.”

“प्रस्तावना कोण वाचतो? मी सापशिडी छापते. तिथं सापाची निंदा कुठं केलेली नसते. गिळला की पोराला कळतं.” त्यांनी पिशवी जवळ ओढली. “चित्र सुंदर आहे, मास्तर. पण जिथं रयत जिंकूच शकत नाही असा खेळ मी कसा देऊ मुलांना?”

मास्तरांनी एका कोपऱ्यावरचा तांब्या उचलला, दुसऱ्यावरची दौत उचलली. साम्राज्याच्या दोन कडा वर वळल्या. त्यांचा चेहरा पाहवेना म्हणून मी लोहगडाकडे पाहिले, तर तोही ढगात गेला होता.

“मास्तर,” दारातून मावशी म्हणाल्या, “ती मानसं येकेकटी का राबत्यात?”

“म्हणजे, मावशी?”

“चौघं हितं, चौघं तितं. भात असं लावत्यात व्हय? ह्यांच्या राज्यात इर्जिक न्हाई का?”

बाई पुण्याच्या पेठेतल्या. “इर्जिक म्हणजे?” त्यांनी विचारले.

“म्हंजी आज समद्या गावानं माज्या शेतावर यायाचं, येका दिसात लावून मोकळं. उद्या समद्यांनी तुमच्या शेतावर. मजुरी न्हाई, कायी न्हाई. ज्याचं शेत त्यानं जेवान घालायचं. येकट्यानं लावत बसलं तर पाऊस संपतोय की.”

बाईंनी पिशवी खाली ठेवली. “मावशी, तुम्ही बसा बरं इथं. रयत तुम्ही.”

“मला कुटं येतंय हे?”

“भात लावता येतं ना?”

मावशी सूप बाजूला ठेवून आल्या, पदर खोचला आणि मांडी घालून बसल्या. मास्तरांनी तांब्या आणि दौत जागेवर ठेवली. गार्डसाहेबांनी फासा हातात घेतला, पण शिट्टी खिशात टाकली.

मावशींनी पहिल्याच डावाला सातही गावांतले चिंचोके दोन्ही हातांनी गोळा केले आणि एका ठिपक्यावर ओतले. “हे लावून झालं,” त्या म्हणाल्या. अठ्ठावीस माणसे, वीसचे काम. झाले होतेच.

“अहो मावशी!” गार्डसाहेब ओरडले. “एका गावात इतकी माणसं? जमावबंदी आहे!”

“कुटं लिवलंय?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नियमांची वही पहिल्यापासून चाळली. अंमलदारांनी कसे चालावे, कुठे थांबावे, कोणी कोणास मुजरा करावा यावर साडेतीन पाने होती. रयतेच्या हालचालीवर एक ओळ नव्हती. रयत कुठे जाणार आहे, असे मी धरूनच चाललो होतो.

“बंदी नाही,” मी म्हणालो.

“ठीक आहे,” बादशहा म्हणाले. “तिघेही अंमलदार त्याच गावात घुसवतो. तीन-तीन उचलतो. आणा फासा.”

“तसं करता येणार नाही,” मी वही पुढे केली. नियम सातवा माझ्याच हस्ताक्षरात होता. एका गावी एका वेळी दोन अंमलदार उतरू नयेत, कारण आधी मुजरा कोणास करावा असा प्रश्न उद्भवतो.

“हा कुणी गाढवानं लिहिला?”

“मी.”

“मग बाकीच्या दोघांनी करायचं काय?”

“त्यास्नी म्हनावं बांदावर बसा,” मावशी म्हणाल्या. “जेवान झालं की हाक मारू.”

बाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. पुढच्या डावाला सगळे चिंचोके शेजारच्या गावात गेले, त्याच्या पुढच्याला त्याच्या शेजारी. दर डावाला एकाच अंमलदाराच्या हाती एक माणूस लागायचा, बाकीचे दोघे मोकळ्या गावांतून हिंडायचे. गार्डसाहेबांनी जीव तोडून फासा टाकला. मोकळ्या घरांना हुकूम वाचून दाखवले. मास्तर ओठ हलवत मावशींचे चिंचोके मोजत होते. सत्तावीस, सव्वीस, पंचवीस. शेवटच्या गावाला पोचताना बावीस उरले होते. वीस पुरत होते.

“लावलं,” मावशी म्हणाल्या, आणि उठू लागल्या. चहाचे पाणी उकळून गेले होते.

राजधानीत सहा माणसे आणि अर्धा मनोरा उभा होता. गार्डसाहेबांनी फासा पुठ्ठ्यावर ठेवून दिला. “बावीस वर्षं,” ते म्हणाले, “बावीस वर्षं मी यार्डाच्या गेटवर उभा राहून एकजूट, एकजूट म्हणून घसा फोडतोय. आणि त्या एकजुटीनं पहिल्यांदा कुणाला हाणलं, तर मला.”

“लय मनाला लावून घिऊ नका, गार्डसायेब,” मावशींनी आतून सांगितले. “तुमी बादशा झालात ते बरं केलंत. कुनीतरी लागतोयच.”

बाईंनी खेळ घेतला. अटी त्यांनी चहा पिता पिता सांगितल्या. मावशींची चाल नियमात येईल. ज्या गावाचे शेत त्याने जेवण घालायचे, आणि ते घालायला विसरले तर त्याचा डाव बाद. हे मावशींनी अडून बसून घालायला लावले. अंमलदारांचा सातवा नियम जसाच्या तसा राहील. “तो काढू नका,” बाई मला म्हणाल्या, “त्याच्याइतकं साम्राज्याविषयी खरं तुम्ही दुसरं काही लिहिलेलं नाही.” प्रस्तावना मात्र पूर्ण जाईल, निषेधासकट. मास्तरांनी सात ठिपके पुसून तिथे गावे काढावीत. मास्तरांनी ती महिनाभर काढली. बांध काढले, कौले काढली, मावशींच्या कोंबड्याही काढल्या, आणि सोनेरी रंगाची नवी डबी न उघडता ठेवून दिली.

“आणि खोक्याच्या तोंडावर?” मास्तरांनी त्या दिवशी भीत भीत विचारले होते.

“तोंडावर बादशहा,” बाई म्हणाल्या. “भात लावणारी माणसं छापली तर खोकं कोण उचलणार? शेतकी खात्याचं पत्रक वाटेल.”

“मी नावाचं म्हणत होतो.”

“ते तर ठरलंच आहे. तोंडावरच, मोठ्या अक्षरात.”

बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. दिवाळीच्या आधी पार्सल आले. मास्तरांनी ते शिक्षकांच्या खोलीत सुतळी न कापता, गाठ सोडवून उघडले. खोक्यावर घंगाळ घातलेला बादशहा पूर्ण सोनेरी छापला होता, आणि त्याच्या पायाशी, जिथे एरवी तसबिरीखाली राजाचे नाव असते तिथे, खेळाच्या नावापेक्षाही ठळक अक्षरांत मास्तरांचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. त्यांनी ते खूप वेळ पाहिले. एकदा बोट फिरवले. “अक्षर चांगलं आहे,” एवढेच म्हणाले.

बाजारात तो खेळ बऱ्यापैकी खपला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा सातवीच्या मुलांनी मला विचारले की हा बादशहा कोणत्या शतकात होऊन गेला, आणि मी त्यांना सांगितले की तो परीक्षेला नाही.